मोहरकी काढा म्हणणारा मेसेज

लगीनसराई आली की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. घोड्या-गाढवांना मोहरकी, म्हणजे बांधण्यासाठी डोक्याभोवती घालायचा पट्टा किंवा दोरी, घालणं म्हणजे छळ, बांधायचंच तर गळ्यात दोरी पुरते, लगाम तर असतोच, आणि मोहरकीने बांधलेलं जनावर दिसलं की सोडवा. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. सल्ला मात्र जनावराच्याच जिवावर उठणारा आहे.

'तोंड बांधून ठेवतात.' नाही. मोहरकी नाकाच्या हाडावरून, गालांवरून आणि कानांमागून जाते. तोंडात काहीच नसतं, त्यामुळे ती असताना जनावर निवांत चरतं, पाणी पितं.

'गळ्यात दोरी पुरते.' बांधलेला घोडा बिथरला की मागे रेटतो. तो सगळा जोर गळ्यावर येतो, आणि गाठ सरकती असली तर फासच बसतो. मोहरकीत तो डोक्याच्या हाडांवर विभागला जातो.

'लगाम असतोच.' यातलं सर्वांत घातक वाक्य हेच. लगामाची कडी पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर बसते. तिथे कातडी पातळ आणि लगेच खाली हाड. लग्नाच्या हॉलबाहेर वरातीची घोडी लगामानेच खांबाला अडकवलेली असते, शेजारी फटाक्यांची माळ लागते, घोडी मान झटकते आणि जीभ फाटते. जबड्याच्या हाडालाही इजा होऊ शकते. म्हणून लगामाखाली मोहरकी ठेवायची आणि बांधताना तिचीच दोरी वापरायची, तीही सुरगाठीने. काटेरी लगामाला तर १९६५ च्या केंद्रीय नियमांनीच बंदी आहे. मेसेजमध्ये त्याबद्दल अक्षर नाही!

'मोहरकीने जखमा होतात.' होतात, चुकीची बसवली तर. नाकपट्टी गालाच्या उंचवट्याखाली दोन बोटं असावी आणि तिच्या आत दोन बोटं सहज जावीत. फार खाली घसरली तर नाकपुड्यांवर दाब येतो, आणि घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. सुती दोरीची मोहरकी ठाण्याच्या पावसात भिजली की गाठी आवळतात. नायलॉनची तुटत नाही, हेच तिचं दुखणं: कान खाजवताना मागचा खूर अडकला तर घोडा पाय मोडून घेईल, पट्टा सुटणार नाही. त्यामुळे मोकळं सोडताना ती काढावी. बांधताना खांबाला आधी सुतळीचा फेरा घालून त्यात दोरी अडकवावी, म्हणजे जोराचा हिसका बसला तर सुतळी तुटते.

गाढवाला तट्टाची मोहरकी बहुधा नीट बसत नाही. डोक्याची ठेवण वेगळी. शिवाय गाढव दुखणं दाखवत नाही, म्हणून पट्ट्याखाली रोज हात फिरवून बघावं लागतं. शिंगरांची तर भराभर तोकडी होते.

राहता राहिलं 'दिसलं की सोडवा'. घोडबंदर रोडच्या कडेला कुणी खरंच घोडी सोडली तर ती ट्रकखाली जाईल, नाहीतर एखाद्या दुचाकीवर. पट्टा रुतलेला दिसला तर घोडीवाल्याला एक भोक सैल करायला सांगा. ऐकलं नाही आणि जखम दिसत असली, तर फोटो काढून प्राणी-कल्याण संस्थेला किंवा पोलिसांना कळवा.