पितर असते, तर एक तरी ओळखीचा निघाला असता

पितृपक्ष आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश हमखास येतो. यंदा तिघांनी टाकला. सार असं: नजर गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला खोलीत माणसं दिसू लागली की पितर न्यायला आलेत असं समजावं. चर्मचक्षू मिटले की अंतर्चक्षू उघडतात, म्हणून तर धड न दिसणाऱ्यालाही ती लख्ख दिसतात. येतात ती तिन्हीसांजेला. डॉक्टरांकडे धावू नका, ते वेड्यात काढतील. दहीभाताचं पान वाढा आणि शेवटची इच्छा विचारून घ्या. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मी एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, काचबिंदूने त्यांची नजर बरीचशी गेली आहे आणि गेल्या वर्षी हाच संदेश नातवाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. त्यानंतर सात महिने त्या मनातल्या मनात कुढत राहिल्या. मग एका संध्याकाळी मी निवडत बसले असताना हळूच म्हणाल्या, "अगं, सोप्यात बँडवाले आलेत का? ताशा बडवतोय बघ तो. पण आवाज कसा येत नाही?"

तर आधी पितरांचं. मी विचारलं, "आई, कोण आहेत? ओळखीचं आहे का कुणी?" म्हणाल्या, "छे गं. लाल फेटे, जरीचे काठ. मेला एकही चेहरा पाहिलेला नाही." खिडकीच्या कट्ट्यावर वीत-वीतभर उंचीची पोरं बसतात, तीही परकी. कधी माणसं नसतातच, नुसती भिंतभर ठिपक्यांची रांगोळी उमटते. आता न्यायला यायचंच तर त्यांचे वडील यावेत, थोरले दीर यावेत. वीतभर उंचीचे पूर्वज आमच्या घराण्यात तरी झाले नाहीत. अनोळखी माणसं, भरजरी कपडे, डोक्याला टोपी नाहीतर पागोटं, बुटकी मुलं, जाळीदार नक्षी आणि आवाजाचा पत्ता नाही, हे वर्णन नजर गेलेली माणसं जगभर करतात. मृत्यूच्या दारातल्या माणसाला गेलेली आप्तमंडळी दिसतात, असं पुष्कळ घरांतून ऐकू येतं, पण तिथे चेहरे ओळखीचे असतात. संदेशाने दोन्हींची खिचडी केली आहे.

अंतर्चक्षूंच्या मुद्द्यावर मात्र संदेशवाल्याने एक गोष्ट बरोबर टिपली आहे. आईंना माझा चेहरा दिसत नाही, पण त्या ताशेवाल्याच्या फेट्याची जर दिसते. हे खोटं नाही. फक्त त्याचं कारण परलोकात नसून डोक्याच्या मागच्या भागात आहे.

आपण पाहतो ते डोळ्यांनी, असं म्हणायची पद्धत आहे. डोळा फक्त माल पुरवतो, चित्र मेंदू तयार करतो. चेहऱ्यांचं काम एका भागाकडे, रंगांचं दुसऱ्याकडे. काचबिंदू, मोतीबिंदू, मधुमेहाने खराब झालेला पडदा किंवा पडद्याच्या मध्यबिंदूची झीज, कशानेही पुरवठा आटला की हे भाग स्वस्थ बसत नाहीत, आपल्या आपण चालू होतात. चेहऱ्यांचा भाग चालू झाला तर चेहरा दिसतो, रंगांचा झाला तर रंग. लंडनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये अशा रुग्णांचे मेंदू स्कॅन केले, तेव्हा रंग दिसत असताना रंगांचाच भाग जागा झालेला आढळला. चित्र अधू डोळ्यातून येतच नाही, मग ते धूसर कशाला असेल? पटत नसेल तर बॉस्टनचा प्रयोग घ्या. नजर उत्तम असलेल्या १३ जणांच्या डोळ्यांवर पाच दिवस पट्टी बांधली. त्यातल्या १० जणांना नसलेल्या गोष्टी दिसल्या. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या दहांना न्यायला कुणाचे पितर आले होते?

या प्रकाराला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने हा जिनिव्हाचा निसर्गअभ्यासक. पिकावरचा मावा नराशिवाय पिल्लं देतो हे दाखवणारा तोच. त्याचे आजोबा शार्ल ल्युलँ यांची मोतीबिंदूनंतर नजर गेली होती. नव्वदीला टेकलेल्या त्या गृहस्थांना माणसं, पक्षी, घोडागाड्या, इमारती दिसत. बुद्धी शाबूत होती आणि हे खरं नाही, हेही त्यांना पक्कं कळत होतं. नातवाने ते १७६० मध्ये लिहून ठेवलं. पुढे त्याचीही नजर अधू झाली.

तिन्हीसांजेचं गूढ फारसं नाही. उजेड कमी, हाताला काम नाही, माणूस एका जागी गप्प बसलेला. अशा वेळी हे जास्त होतं. आमच्याकडे आता साडेपाचलाच ट्यूबलाइट लागते. शिवाय डॉक्टरांनी शिकवलं, काही दिसलं की मान न हलवता नजर डावी-उजवीकडे पाच-दहा वेळा फिरवायची. ताशेवाले बहुतेकदा जातात. पोरं चिवट आहेत.

वेड्यात काढतील, ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण याच भीतीने माणसं गप्प राहतात. नेदरलँड्समध्ये दृष्टी अधू असलेल्या ५०५ जणांना नीट विचारलं, तेव्हा ६० जणांना हा त्रास निघाला. म्हणजे आठांत एक. त्यातल्या बहुतेकांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांकडे जायचं ते याचसाठी, कारण दिसणं सारखं असलं तरी कारणं निराळी असू शकतात. दिसणारी माणसं बोलू लागली, म्हातारं माणूस त्यांना खरंच मानू लागलं, विसरभोळेपणा किंवा हातांचा कंप सोबत असला, तर मेंदूचा आजार तपासावा लागतो. एका रात्रीत बरळायला लागलं तर ताप, लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम, नवी सुरू झालेली गोळी, हे आधी बघायचं. डोळ्यासमोर अचानक विजा चमकून पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. दहीभात वाढून वाट बघत बसलात तर डोळा जाईल.

शेवटच्या इच्छेचं काय सांगू? हा त्रास अनेकांना वर्षानुवर्षं असतो, पाच वर्षांहून जास्तसुद्धा. तेवढा काळ त्या माणसाला रोज संध्याकाळी मरणाची वाट बघायला लावायची?

आईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूही आहे. काचबिंदूने गेलेलं परत येणार नाही, पण मोतीबिंदू काढल्यावर थोडं अधिक दिसेल आणि ही मंडळी कदाचित कमी होतील, असं डॉक्टर म्हणाले. तारीख पुढच्या महिन्याची आहे. परत येताना रिक्षात त्या बराच वेळ विचारात होत्या. मग म्हणाल्या, "बँडवाले गेले तर जाऊ देत गं. रांगोळी राहिली तरी चालेल."