पाच थेंबांनी कॅन्सर जात नाही, मावशी

खानापूरच्या मावशीचा परवा रात्री साडेदहाला फोन. "केमो थांबवूया म्हणत्ये रे मी. जेलीफिशचं औषध आलंय. लिवलंय की तेच्यात सगळं." तेच्यात म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर. मला एकट्याला तो मेसेज चौघांनी पाठवला, त्यातला एक बी.फार्म. झालेला! मजकूर थोडक्यात असा: जेलीफिशचं विष शरीरातल्या फक्त खराब पेशी ओळखून मारतं; हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय; सापाच्या विषाचं औषध होतं, मग याचं का नाही; रोज पाच थेंब जिभेखाली, बाटली अडीच हजार. वर फुकटचा सल्ला: गोव्यात जेलीफिश चावली तर जखमेवर लघवी करा.

लघवीचं आधी उरकतो. करू नका. कातडीला चिकटलेले, अजून न फुटलेले डंख त्यानं फुटू शकतात. समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि जीवरक्षकाला गाठा. वाळूत मेलेली पडली असेल तरी हात लावू नका, ती मेली तरी डंख चालू असतात.

आता "फक्त खराब पेशी". हे लिहिणाऱ्याला मी एकदा समोर बसवणार आहे. जेलीफिशच्या सोंडेवर सूक्ष्म कुप्या असतात, प्रत्येकीत गुंडाळलेली पोकळ नळी. स्पर्श झाला की नळी उलटी होऊन बाहेर सुटते आणि विष आत जातं. बॉक्स जेलीफिश (पेटीसारख्या आकाराची, फार विषारी जात) हिच्या विषातली प्रथिनं पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात. तांबड्या रक्तपेशी फुटतात, आतलं पोटॅशियम रक्तात येतं, आणि डंख मोठा असेल तर हृदय काही मिनिटांत बंद पडू शकतं. यात चांगली पेशी, वाईट पेशी ही निवड कुठे आली?

२०१९ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी हे फार छान तपासलं. माणसाच्या लाखो पेशी घेतल्या, वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळा जीन बंद केला आणि त्यावर बॉक्स जेलीफिशचं विष सोडलं. ज्यांची कोलेस्टेरॉल बनवायची यंत्रणा बिघडवली होती, अशा पेशी तगल्या. म्हणजे विषाला आपलं काम करायला कोलेस्टेरॉल लागतं. आणि ते आपल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यात असतं, मावशीच्या हृदयाच्याही. त्या लोकांनी शोध लावला तो विषावरच्या उताऱ्याचा, उंदरांवर तो चाललाही. मेसेजवाल्यांनी विषालाच औषध केलं!

"प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या" हे खोटं नाही, तेवढं मान्य करतो. बशीतल्या पेशी मरतात. फिनाईल ओतलं तरी मरतात. सापाचंही खरं आहे: रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल ब्राझीलच्या एका विषारी सापामुळे सुचलं. पण विषातला एक धागा पकडून, त्याच्यासारखा रेणू माणसांनी घडवला आणि वर्षानुवर्षं तपासला. बाटलीत साप भरला नव्हता कुणी.

थेंबांचं तर आणखी गंमतशीर आहे. ही विषं प्रथिनं असतात. थुंकीबरोबर पोटात गेली की आपल्या पिठल्यातल्या प्रथिनासारखी पचतात. म्हणजे बाटलीत खरंच विष असलं तर बहुधा फुकट जाणार, आणि ते सुईनं टोचायची अक्कल कुणी शिकवली तर जीव जाणार.

काल खानापूरला जाऊन आलो. बाटली देवघरात, गणपतीशेजारी, हळदी-कुंकू लावून. लेबलावर बॅच नंबर नाही, परवान्याचा नंबर नाही, घटकांत दोनच शब्द: "सागरी अर्क". जेलीफिशचं नावसुद्धा नाही. मावशीला चष्मा देऊन वाचायला लावलं. तिनं दोनदा वाचलं, म्हणाली, "अडीच हजार गेले की रे," आणि केमोची फाईल पिशवीत घातली. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आम्ही बेळगावला निघतोय.