युद्ध नको म्हणणारा माजी सैनिक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. २००३ च्या नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, सरकारचं मीठ खाल्लं, आता सोलापुरात बसून पेन्शन घेता, वर युद्ध नको म्हणता, लाज वाटत नाही का? अशा लिखाणानं जवानांचं मनोधैर्य खच्ची होतं. स्वतःच्या मुलाला फौजेत पाठवाल का? तुम्ही तळमळीनं लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

जवानाचं मनोधैर्य माझ्या लेखानं खचत नाही. ते टिकतं शेजारच्या गड्यावर, वेळेवर मिळालेल्या सुट्टीवर आणि पुढं होऊन चालणाऱ्या साहेबावर. लढाई होऊ नये, असं बंकरमध्ये उघड बोललं जातं. हुकूम आला की तीच माणसं सगळ्यांच्या आधी उठतात.

आमच्या प्लाटूनमधला एक पोरगा मोर्टारच्या गोळ्यानं गेला. त्याची काळी पेटी घरी पाठवायची होती आणि आतल्या सामानाची यादी करायचं काम माझ्याकडं आलं. दाढीचं सामान, ट्रान्झिस्टर, आईची अंतर्देशीय पत्रं. तळाशी एक सोलापुरी चादर. सुट्टीवरून येताना मीच आणून दिलेली. बहिणीच्या लग्नात द्यायची म्हणून त्यानं पिशवीतून काढलीही नव्हती. यादीत मी लिहिलं, ‘चादर, नवी, एक’. त्या दिवशी बदला घ्यावासा वाटला, हे लपवत नाही. आमच्या तोफांनी उत्तर दिलं तेव्हा मीही जयजयकार केला. आणि त्याच रात्री, पलीकडं आता कुणाची पेटी भरत असतील, हा विचार काही केल्या जाईना.

फौजेबद्दल मात्र माझी तक्रार नाही. कोरडवाहू रानातल्या दहावी पास पोराला बेळगावच्या मराठा सेंटरनं, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्रानं, माणूस केलं. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ऐकलं की आजही अंगावर काटा येतो. पेन्शन मी सेवा करून मिळवली आहे, गप्प बसण्याचा मोबदला म्हणून नव्हे.

बलिदानाचा मान राखायचा तर युद्धाचा जयघोष हवाच, हा तुमचा मुद्दा मला पटत नाही. स्वातंत्र्यलढ्यातल्या आपल्या सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकात आपण आजही हात जोडतो, म्हणून पुन्हा कुणाच्या गळ्यात फास पडावा असं आपल्याला वाटतं का? मे २०२५ मधले भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते चार दिवस आठवा. टीव्हीपुढं बसलेले लोक ‘आता थांबायचं नाही’ म्हणत होते, आणि पलटणीतल्या एका पोराची बायको आमच्या घरी फोन करून ‘काका, थांबेल ना?’ विचारत होती. मला तिच्या बाजूला उभं राहायचं आहे.

मुलाचं विचारलंत. अग्निवीर भरतीसाठी तो रोज पहाटे १६०० मीटर पळतो, घड्याळ माझ्या हातात असतं. ४ वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरांनाच कायम ठेवतात, याचा घोर आहेच, त्याच्या आईला तर जास्तच. निवड झाली तर अभिमानानं स्टेशनवर सोडायला जाईन. नंतर सीमेवर गोळाबाराची बातमी आली, तर तो थांबावा म्हणून सिद्धेश्वराला साकडंही घालीन. यात तुम्हाला विसंगती दिसत असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कामासाठी आलेल्या कुठल्याही माजी सैनिकाशेजारी तासभर बसा आणि त्यालाच विचारा.