आठ सेकंदांचा मासा आणि भांडी बाजारातले गिऱ्हाईक

नाशिकमधील लॉजमालक, पैठणीविक्रेते आणि किरकोळ व्यापारी यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: २०२७ च्या सिंहस्थाला कोट्यवधी लोक येणार आणि ते सगळे आधी मोबाइलवर ‘नाशिक’ शोधणार, माणसाचे लक्ष आता जेमतेम आठ सेकंद टिकते, म्हणजे गोल्डफिश माशापेक्षाही कमी, म्हणून वेबसाइटवर मजकूर नको, फोटो आणि व्हिडिओ हवेत, ‘नाशिक’ हा शब्द प्रत्येक पानावर पन्नास वेळा यावा, एआयकडून रोज दोन हजार शब्दांचा लेख लिहून घ्यावा, पाचशे लिंक, म्हणजे इतर वेबसाइटवरून आपल्याकडे आणणारे दुवे, विकत घ्यावेत, म्हणजे गूगलच्या पहिल्या पानाची हमी, आणि आलेला माणूस निघू लागला की पॉप-अप (पानावर अचानक उघडणारी चौकट) लावून त्याला अडवावे, कारण ‘बाउन्स रेट’, म्हणजे आल्या पावली परतणाऱ्यांचे प्रमाण, वाढला की वेबसाइट बुडाली. शेवटी अर्थातच, ‘दहा व्यापारी मित्रांना पाठवा’.

छोट्या दुकानांच्या वेबसाइट सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे हा मेसेज मला वारंवार येतो, आणि त्याच्याखाली प्रश्न असतो, ‘हे आपणही करायचे का?’ प्रत्येकाला फोनवर तेच उत्तर देण्यापेक्षा ते एकदा नीट लिहून काढणे बरे.

सुरुवात माशापासून करतो, कारण पृथ्वी शेषाच्या फण्यावर असावी तशी मेसेजमधली बाकीची मांडणी या माशाच्या पाठीवर तोललेली आहे. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने २०१५ मध्ये जाहिरातदारांसाठी काढलेल्या एका अहवालात हे आकडे आले होते: माणसाचे लक्ष २००० साली १२ सेकंद, २०१३ साली ८ सेकंद, आणि गोल्डफिशचे ९. हे आकडे अहवाल काढणाऱ्यांनी स्वतः मोजलेले नव्हते; आकडेवारी पुरवणाऱ्या एका वेबसाइटवरून ते उचललेले होते, आणि २०१७ मध्ये बीबीसीने त्यांचा माग काढला तेव्हा मुळाशी कोणतेही संशोधन सापडले नाही. लक्ष किती टिकेल हे माणूस काय करतो आहे त्यावर ठरते, असे बीबीसीशी बोलताना मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी सांगितले, आणि ज्याने रात्री दोन-दोन तास कीर्तन ऐकणारी माणसे पाहिली आहेत त्याला हे पटायला अहवालाची गरज नाही.

लोक वेबपानावर किती वेळ थांबतात, याचे मोजमाप मात्र खरोखर झालेले आहे. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधन विभागातील चाओ लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दोन लाखांहून अधिक पानांवरील भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ९९ टक्के पानांवर एकच कल दिसला: माणूस जितका जास्त वेळ थांबलेला असतो, तितकी तो पुढच्या क्षणी निघून जाण्याची शक्यता कमी होत जाते. याच निष्कर्षांचा अर्थ लावताना वेबसाइट वापरायला किती सोप्या असतात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी पहिल्या दहा सेकंदांवर बोट ठेवले. या थोड्या वेळात पान आपल्या कामाचे आहे की नाही हे वाचणारा ठरवतो, आणि कामाचे आहे असे ठरले की मिनिटे मोजत नाही.

हे पाहायचे असेल तर भांडी बाजारात उभे राहावे. रस्त्याने जाणारे गिऱ्हाईक टांगलेल्या घागरींकडे चालता चालता नजर टाकते आणि बहुतेक वेळा तसेच पुढे जाते. पण त्याने एकदा कळशी हातात घेतली, बोटाने वाजवून पाहिली, ‘वजन किती भरेल?’ असे विचारले, की मग घडणावळ, मोडीचा भाव, कलई करून देणार का, घरची जुनी पातेली आणली तर काय मिळेल, अशी अर्ध्या तासाची बैठक होते. त्या गिऱ्हाइकाला आठ सेकंदांचा मासा समजून दुकानदाराने गप्प बसायचे ठरवले, तर संध्याकाळी गल्ला रिकामाच राहील.

मजकूर काढून फोटो लावण्याच्या सल्ल्याचा दुसरा दोष तांत्रिक आहे. मराठीचे एक अक्षरचिन्ह साठवायला संगणकाला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने हजार शब्दांचा मराठी लेख साधारण वीस केबीचा होतो. मोबाइलने काढलेला एक फोटो जसाच्या तसा चढवला तर तो सहज तीन एमबीचा असतो, म्हणजे असे दीडशे लेख. घोटीच्या पुढे घाटात रेंज येते-जाते तिथे बसलेल्या प्रवाशाला यातले आधी काय दिसेल, हे सांगायला नको. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि तोही चारपैकी तीन भेटींमध्ये, ही गूगलने ठरवलेली मर्यादा आहे. एकामागून एक सरकणारे पाच मोठे फोटो लावणारी पाने तिथेच अडकतात.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. बॅनर करणारा कलाकार श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये मजकूर जुळवतो, तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात, नसल्यामुळे वेबसाइटवर चिकटवला की गचाळ चिन्हे उमटतात, आणि मग ‘सोपा उपाय’ म्हणून अख्खे पत्रकच चित्र करून चढवले जाते. पत्ता, वेळ, दर, फोन, सगळे चित्रात. अशा पानावरचा नंबर दाबून फोन लागत नाही, दर कॉपी होत नाही, दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही, आणि महत्त्वाचा मजकूर चित्रात ठेवू नका हे गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलेले आहे. फोटोंना माझा विरोध नाही. मठारलेल्या तांब्याच्या हंड्याचा जवळून काढलेला एक चांगला फोटो दहा विशेषणांचे काम करतो. पण ‘किती लिटरचा?’ या प्रश्नाचे उत्तर त्या फोटोत नसते.

आता सिंहस्थाचे कोट्यवधी. लोक येणार हे खरे. मात्र ते ‘नाशिक’ एवढेच शोधतील आणि भांड्यांच्या दुकानापाशी येऊन थांबतील, ही कल्पना भाबडी आहे. ‘नाशिक’ शोधणाऱ्याला हवामान हवे असेल, कांद्याचा भाव हवा असेल किंवा रेल्वेचे वेळापत्रक. ज्याला स्नानाला यायचे आहे त्याचे प्रश्न वेगळे आणि नेमके असतात. नाशिकच्या रामकुंडावर वैष्णवांचे तीन आखाडे स्नान करतात आणि उरलेले दहा त्र्यंबकेश्वरी. दोन्ही ठिकाणांत तीसेक किलोमीटरचे अंतर आहे, आणि बाहेरगावच्या कित्येकांना हे ठाऊकच नसते. तेव्हा लॉजच्या वेबसाइटने पहिल्याच परिच्छेदात सांगायचे ते हे, की आमची जागा या दोहोंपैकी कोणत्या बाजूला आहे आणि पर्वणीच्या दिवशी गाडी दारापर्यंत येईल की अलीकडे सोडावी लागेल. २०१५ च्या पहिल्या पर्वणीची नाकाबंदी नाशिककर विसरलेले नाहीत. त्या अनुभवावर लिहिलेली दहा ओळींची सूचना ‘पवित्र गोदातीरावरील आपले हक्काचे घर’ यापेक्षा जास्त वाचली जाईल.

‘नाशिक’ पन्नास वेळा लिहिण्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. असा भरणा गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत नाव घेऊन निषिद्ध आहे. मेसेजमध्ये पानाच्या कोडात ‘मेटा कीवर्ड’, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणारे शोधशब्द, भरायलाही सांगितले आहे. शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी आपण ते पाहतच नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. इतका जुना सल्ला अजून पैसे घेऊन विकला जातो, याचे मात्र कौतुक वाटते.

रोजच्या लेखाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. उपयोगी पाने वाढली तर वेबसाइटकडे येण्याच्या वाटा वाढतात. पण दोन हजार शब्दांचा आकडा कोठून आला? आम्हाला अमुक शब्दसंख्या आवडते असे काही नाही, हे गूगलने स्पष्ट लिहून ठेवले आहे. मार्च २०२४ पासून त्यांच्या नियमांत घाऊक मजकुराविरुद्ध स्वतंत्र कलम आहे: केवळ क्रमवारीसाठी ढिगाने पाने तयार केली तर तो नियमभंगच, ती यंत्राने लिहिली की माणसाने, याने फरक पडत नाही.

शिवाय यंत्राच्या मजकुराला दुकानदारी कळत नाही. एका दुकानासाठी तयार करून घेतलेल्या अशा लेखात मी वाचले, ‘कलईचे भांडे आतून चिंच आणि मीठ लावून जोरात घासावे.’ चिंच-मीठ बाहेरच्या पितळेसाठी. आतली कलई जोरात घासली तर निघून जाते आणि गिऱ्हाईक महिन्याभरात भांडणाला येते. तो लेख काढला आणि दुकानातल्या ज्येष्ठ कारागिरांना शेजारी बसवून, ते बोलतील तसे टिपून, नवे पान केले. कलई म्हणजे कथील. ते २३२ अंशांना वितळते, म्हणून रिकामे भांडे आचेवर तापत ठेवू नये, आधी पाणी किंवा तेल घालून मग गॅस पेटवावा. कलई करताना भांडे तापवून नवसागर टाकतात तो आतला मळ सुटावा म्हणून, आणि मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने क्षणात फिरवतात, कारण हात रेंगाळला तर थर जाड-बारीक होतो. आतून तांबूस डाग दिसू लागले की पुन्हा कलईची वेळ झाली. तोवर त्यात ताक, कढी, आमटी ठेवू नये. सहाशे शब्दही झाले नाहीत. त्या वेबसाइटवर आज लोक सर्वांत जास्त वेळ याच पानावर असतात, आणि फोन करणारे अनेक जण ‘ते डागांचे वाचले, आमच्याही पातेल्याला आलेत’ अशी सुरुवात करतात.

लिंक विकत घेण्याचा सल्ला एका जुन्या खऱ्या गोष्टीचे विकृत रूप आहे. एका पानाने दुसऱ्याचा दुवा देणे ही शिफारस मानायची, या कल्पनेवर १९९८ मध्ये गूगलची उभारणी झाली. शिफारशी विकत मिळू लागल्या तेव्हा एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाचा बदल करून अशा वेबसाइटना खाली ढकलण्यात आले, आणि पैसे देऊन मिळवलेल्या लिंकवर तशी खूण करणे आज अपेक्षित आहे. खूण केली की ती शिफारस म्हणून मोजली जाणे थांबते आणि केली नाही तर नियमभंग होतो. म्हणजे पैसे दोन्हीकडून गेले. उलट, स्वयंपाकावर लिहिणाऱ्या कुणी कलईच्या त्या पानाचा दुवा स्वतःहून दिला, तर त्याचे मोल आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे तर गूगलच्या मदतपानावरच छापलेले आहे. हमी देणाऱ्याला एवढेच विचारावे: कोणत्या शब्दांसाठी? कोणीही शोधत नाही अशा शब्दांसाठी पहिले येणे फुकटातही जमते.

राहिला बाउन्स रेट, ज्याची भीती घालून सर्वांत जास्त उपद्रव केला जातो. वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अॅनालिटिक्सच्या जुन्या पद्धतीत एकच पान पाहून गेलेली भेट म्हणजे बाउन्स. जुलै २०२३ मध्ये ती पद्धत बंद झाली. नव्या पद्धतीत भेट दहा सेकंदांहून अधिक टिकली, किंवा दोन पाने पाहिली गेली, किंवा आपण ठरवलेली एखादी महत्त्वाची कृती घडली, तर ती गुंतलेली भेट. उरलेल्या सगळ्या बाउन्स. आता सिन्नरच्या एखाद्या बाई दुपारी मोबाइलवर दुकान शोधतात, पान उघडते, वर ठळक अक्षरांत ‘सोमवारी बंद, कलई रोज दुपारी चारपर्यंत’ आणि फोन नंबर असतो, तो पाहून त्या सात सेकंदांत पान बंद करतात आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून नंबर लावतात. अहवालात ही भेट वाया गेलेली दिसते, गल्ल्यात मात्र त्या आठवड्यात चार पातेल्यांच्या कलईचे पैसे येतात. त्यांना अडवण्यासाठी पानाने नंबर लपवला असता, तर आकडा सुधारला असता आणि गिऱ्हाईक गेले असते.

अॅनालिटिक्समधील हा आकडा क्रमवारीसाठी वापरत नाही, असे गूगलने अनेकदा सांगितले आहे. शोधनिकालांवर लोक कशावर क्लिक करतात याचा विचार होतो, हे अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या खटल्यात २०२३ मध्ये झालेल्या साक्षीतून पुढे आले, हे मान्य करायला हवे. पण ती नोंद गूगलच्या निकालपानावरची आहे, तुमच्या पानावर पॉप-अप लावून ती सुधारता येत नाही. उलट, शोधातून मोबाइलवर आलेल्या माणसापुढे मजकूर झाकणारा पडदा टाकणाऱ्या पानांचे गुण कमी करण्याचे धोरण जानेवारी २०१७ पासून लागू आहे. मागे जाण्याचे बटण निकामी करण्याची युक्तीही त्या मेसेजमध्ये आहे. ‘काही घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही’ म्हणून शटर ओढणाऱ्या दुकानात पुन्हा कोण पाय ठेवील?

मेसेजमध्ये एक वाक्य बरोबर आहे: वेबसाइट आधी मोबाइलवर उघडून पाहा. गूगलही पानाची मोबाइल आवृत्तीच आधार धरते, आणि हा बदल पूर्ण झाल्याचे त्यांनी २०२३ मध्ये जाहीर केले. मात्र ‘आजच सुरू करा, महिन्यात फरक’ हे पुढचे वाक्य तितके बरोबर नाही. अशा कामाचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागते, असा गूगलचाच सल्ला आहे, आणि मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. म्हणून माझ्याकडच्या लॉजमालकांना मी सध्या एकच काम दिले आहे: फोनवर येणारा प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत, वहीत उतरवायचा. पंचवटीतल्या एका लॉजची वही परवा पाहिली. भाड्याची चौकशी अपेक्षेप्रमाणे पुष्कळ होती, पण सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, ‘आईला गुडघ्याचा त्रास आहे, रामकुंडापर्यंत चालत नेता येईल का, आणि मध्ये पायऱ्या किती?’ मालकांनी त्याच संध्याकाळी जाऊन पायऱ्या मोजल्या. वेबसाइटवर वर सरकणारे फोटो होते, तिथे आता तो आकडा आहे.