खर्चाच्या मापाने मिळालेला चौथा क्रमांक

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने एका निवेदनात भारत हा जगातील चौथ्या क्रमांकाचा समताधिष्ठित देश असल्याचे सांगितले, आणि तेव्हापासून नाशिकच्या आप्तमित्रांच्या बोलण्यात 25.5 हा आकडा वारंवार येतो. हा जागतिक बँकेने 2022-23 साठी दिलेला भारताचा जिनी निर्देशांक, म्हणजे विषमतेचे माप. शून्य म्हणजे सर्वांना सारखे, 100 म्हणजे सारे एकाच्याच पदरात. निवेदनात अमेरिकेचा निर्देशांक 41.8 दिला होता आणि जी-7 या सात प्रगत देशांच्या गटातील सर्वच देश भारतापेक्षा अधिक विषम असल्याचे म्हटले होते. ब्रिटनमधील लीड्समध्ये राहून मी अधिक विषम समाज पत्करला, असे त्यावरून मला आता ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांचा अभिमान मी समजू शकतो, त्यांची तुलना मात्र मला मान्य नाही.

भारताचा आकडा कुटुंबांच्या खर्चावरून काढलेला आहे, ब्रिटन-अमेरिकेचे आकडे उत्पन्नावरून. गंगापूर रोडवरील सधन घर मिळकतीचा मोठा भाग शिल्लक टाकते. अंबडच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरतच नाही. खर्चातील अंतर उत्पन्नातील अंतरापेक्षा कमी दिसते ते यामुळेच. विषमता प्रत्यक्षापेक्षा कमी मोजली गेली असण्याची शक्यता जागतिक बँकेने आपल्या टिपणात स्वतःच नोंदवली होती, आणि जागतिक विषमता माहितीसंचाने (वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस) भारतासाठी काढलेला 2023 चा उत्पन्नावर आधारित 62 हा निर्देशांकही त्याच टिपणात दिला होता. तोही मी प्रमाण मानत नाही, कारण देशव्यापी उत्पन्न-सर्वेक्षणाच्या अभावी तो करनोंदी आणि गृहीतके यांची सांगड घालून काढावा लागतो. पण दोन आकड्यांतील सोयीचा तेवढा उचलायचा, याला मोजमाप म्हणत नाहीत.

खर्चाचे माप टाकाऊ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला एखाद्या वर्षी गारपिटीने तोटा झाला, तर त्या वर्षीच्या उत्पन्नाच्या यादीत तो सुरगाण्याहून त्याच्याच बागेत छाटणीला आलेल्या मजुराच्याही खाली जाईल, आणि असे चित्र उघडच खोटे ठरेल. तेथे खर्चच परिस्थितीच्या अधिक जवळ जातो. मात्र तो खर्च कशाच्या जोरावर चालला, हे त्यात दिसत नाही. कृषी सेवा केंद्रातील उधारी, सोसायटीचे थकलेले पीककर्ज, तारण ठेवलेले सोने यांवर वर्ष निघाले तरी घर पूर्वीइतकेच सुस्थितीत असल्याची नोंद होते. रुग्णालयाचे बिलही कुटुंबाच्या खर्चातच धरले जाते, त्यामुळे आजारपणासाठी कर्ज काढणारे घर कागदावर वरच्या पायरीवर चढते. सिडकोत भाड्याने राहणाऱ्याचे भाडे खर्चात येते, पण शेजारच्या घरमालकाला मिळणाऱ्या निवाऱ्याचे मोल त्यात येत नाही. तेव्हा दोघांचा बाकी संसार सारखाच असला, तर भाडेकरूच अधिक संपन्न ठरतो!

ब्रिटनमध्ये हा निवाऱ्याच्या खर्चाचा प्रश्न निदान उघडपणे मांडला जातो. येथे उत्पन्नाच्या क्रमात मधोमध येणाऱ्या घराच्या उत्पन्नाच्या 60 टक्क्यांखाली असलेले घर सापेक्ष दारिद्र्यात धरतात आणि ही मोजणी निवाऱ्याचा खर्च वजा करण्यापूर्वी आणि केल्यानंतर अशी दोनदा छापतात. 2023-24 मध्ये अशा घरांतील मुलांचे प्रमाण पहिल्या रीतीने 23 टक्के, तर दुसऱ्या रीतीने 31 टक्के होते. श्रीमंत कुटुंबे सर्वेक्षणात नीट सापडत नाहीत, म्हणून वरच्या टोकाचे आकडे करनोंदींवरून दुरुस्त केले जातात. भारताच्या खर्च-सर्वेक्षणानेही 2022-23 मध्ये शहरांतील नमुना निवडताना दहा लाखांहून महाग मोटार असलेल्या घरांचा वेगळा गट केला, हे श्रेय द्यायलाच हवे. मात्र ज्या गृहसंकुलाच्या फाटकातूनच गणकाला परत पाठवले जाते, तेथे या गटाचा किती उपयोग होणार? येथील समाज सुखी आहे, असा माझा दावा नाही. गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या अन्नपेढीच्या दाराशी नोकरदार माणसेही दिसतात. येथील गरिबीवर वाद होतो तो निदान दोन्ही आकडे समोर ठेवून होतो, एवढेच.

आपल्याकडची विसंगती अशी, की जे उत्पन्न नीट मोजलेच गेले नाही, त्यावर शासनाचे निम्मे व्यवहार टेकलेले आहेत. पिवळ्या शिधापत्रिकेची 15,000 रुपयांची आणि केशरीची एक लाखाची वार्षिक मर्यादा, लाडकी बहीण योजनेची अडीच लाखांची, नॉन-क्रिमीलेअरची आठ लाखांची, आणि या सगळ्यांभोवती तलाठी, तहसील आणि उत्पन्नाचा दाखला. देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न सर्वेक्षण 2026 मध्ये घेण्याचे केंद्राने जाहीर केले, ही म्हणूनच स्वागतार्ह गोष्ट. असे प्रयोग 1950 आणि 1960 च्या दशकांतही झाले होते. लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरले आणि ते प्रयोग पुढे नेता आले नाहीत. आता तर ज्याने दाखल्यावर अडीच लाखांच्या आतला आकडा लिहून घेतला आहे, तो दारात आलेल्या गणकाला निराळा आकडा का सांगेल? ही माहिती कोणत्याही योजनेच्या पडताळणीसाठी वापरली जाणार नाही, याची हमी गावागावांत पटवून द्यावी लागेल. आणि निकाल छापताना भाडे व औषधोपचार वजा करून उरणारे उत्पन्न, तसेच सावकार, दुकानदार आणि नातलग यांचे देणे हे स्वतंत्र रकान्यांत यावे. बँकेतले कर्ज तेवढे मोजले, तर निफाडच्या कित्येक घरांचा अर्धाच हिशेब हाती लागेल.