आराखडा चारच्या आत अपलोड करायचाय

सरपंच, आधी अभिनंदन. कानामागचा गुलाल अजून निघाला नसेल, पण आता गावाच्या पुढच्या पाच वर्षांचा विकास आराखडा ठरवायचा आहे. पंचायत समितीतून आलेल्या व्हॉट्सअॅपच्या निरोपाप्रमाणे तुमच्याकडे त्यासाठी आज दुपारी चारपर्यंत वेळ आहे. घाबरू नका. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावानं हे काम महाराष्ट्रात 2015-16 पासून चाललंय आणि अजून एकही गाव आराखड्यावाचून राहिल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यातला 'आमचा' म्हणजे नेमका कुणाचा, एवढं घरात बसून ठरवून घ्या. बाकीचं ग्रामसेवक आणि कॉम्प्युटरवाला पोरगा बघून घेतात. (ग्रामसेवकाला 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं. कामं तीच आहेत, नाव वाढलंय. हाही विकासच.)

सुरुवात नकाशापासून करा. शिवारफेरी काढा, मशालफेरी काढा, चावडीपुढं रांगोळीनं गाव रेखाटा आणि लोकांनाच आपापल्या अडचणी दाखवू द्या, असं प्रशिक्षणात सांगतात. हे सगळं जरूर करा, कारण फोटो लागतो. आमच्या गावात झालं होतं. पिवळ्या रांगोळीचे रस्ते, निळीचा ओढा, शाळेच्या जागी पाटी आणि वरच्या वस्तीच्या जागी मूठभर खडे. प्रशिक्षण द्यायला आलेले साहेब म्हणाले, "आता मावश्यांनो, पाण्याची अडचण कुठंय तिथं बोट ठेवा बरं." पहिल्या म्हातारीनं खड्यांवर बोट ठेवलं. दुसरीनंही तिथंच. सगळ्याजणींची बोटं लागून लागून तिथली रांगोळी पुसली आणि खालची जमीन दिसायला लागली. तोवर फोटो झाला होता. मग कुणाचीशी शेळी आली आणि ओढ्यातनं पाय न भिजवता पलीकडं गेली. नकाशा अगदी बरोबर काढला होता, याची तेव्हा खात्री पटली.

आता ग्रामसभा. वर्षात किमान चार घ्याव्या लागतात. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. शंभर माणसं जमवायची म्हटलं तर जेवण घालावं लागेल, म्हणून तुम्ही पहिली सभा कोरमअभावी तहकूब करा. तहकूब सभेला कोरम लागत नाही. कायदा लिहिणाऱ्याला गाव चांगलं कळत होतं. दवंडी मात्र द्यायचीच, फक्त बायामाणसं खुरपायला गेल्यावर. महिलांची सभा आदल्या दिवशी घ्यायची असते, तेव्हा तिचं प्रोसिडिंग, म्हणजे सभेचा वृत्तांत, त्याच्याही आदल्या दिवशी लिहून ठेवावं, म्हणजे गडबड होत नाही. सह्यांचं मनावर घेऊ नका. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, एका हातात शाईचा पॅड, दुसऱ्यात पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी. यादी बघितली की माणूस अंगठा द्यायला नाही म्हणत नाही.

मग पैशाचं कोडं. केंद्राकडून गावाला येणाऱ्या पैशाचं ठरवणाऱ्या 15व्या वित्त आयोगानं 2021-26साठी 60 टक्के निधी बांधून टाकला, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेले 40 टक्के अबंधित. 'बंधित' ऐकून नवखे सरपंच हिरमुसतात, पण बंधित म्हणजे कुलूप, आणि आपल्याकडं कुलपं कुणाला अडवतात? गटारावर पेव्हर ब्लॉक टाकले की ती स्वच्छता झाली. पाण्याच्या टाकीभोवती टाकले की पाणीपुरवठा झाला. केंद्रानं तर आता गावाच्या ध्येयांच्या नऊ संकल्पना ठरवून दिल्यात आणि ब्लॉक नवांतही बसतो. बालस्नेही गाव: पोरं त्यावर क्रिकेट खेळतात. जलसमृद्ध गाव: पावसात त्यावर घोट्याएवढं पाणी साचतं. स्वच्छ व हरित: फटींतून गवत येतं. दारिद्र्यमुक्तीचं म्हणाल तर एका घरापुरती ती दर वेळी होतेच.

प्राधान्यक्रम लावताना एकच कसोटी वापरा: कामावर नारळ फोडता येतो का? कमानीवर नाव येतं, बाकावर 'सौजन्य' येतं, हायमास्टखाली उभं राहून बटण दाबता येतं. वरच्या वस्तीकडं जाणारी पाइपलाइन जमिनीखालून जाते. व्हॉल्व्हचं लोकार्पण झालेलं मी तरी पाहिलं नाही. गळती काढली तर काढलेली गळती दाखवायची कुणाला? आणि जलजीवन मिशनखाली वस्तीवर घरोघर नळ बसलेच आहेत की. दरडोई दररोज 55 लिटरचा हिशेब आहे त्याचा. नळ आलाय, पाणीही मागनं येईल. तूर्त त्या नळांना लोक म्हशी बांधतात, म्हणजे मजबुतीचा प्रश्न मिटला.

एखादं शिकलेलं पोरगं सभेत उठून हिवरे बाजारचं नाव घेईल. घेऊ द्या. त्याला लगेच अभ्यास दौऱ्याच्या यादीत टाका. तिथं पाऊस मोजून, वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून मगच पिकं ठरवतात. पाणी कमी असेल तर जास्त पाण्याच्या पिकांचा हट्ट सोडतात, शेतीसाठी बोअर पाडत नाहीत. हे गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली ती काही कमानीसाठी नव्हे. हे सगळं बघून यावं, वाटेत जेवण करावं, बसमध्ये "आपल्याकडं लोकच तसले नाहीत" असं दोनदा म्हणावं आणि परत आल्यावर आपापल्या उसाला पाणी सोडावं. तिथला ताळेबंद इकडं चुकूनही आणू नका. पाणी मोजायला लागलं की कुणाच्या बोअरला किती, हेही मोजावं लागतं, आणि मग पहिला आकडा तुमच्या घरचा निघतो.

पाच वर्षांत खरंच काय करायचं याची फार काळजी वाहू नका. थेट जनतेतून सरपंच निवडायचं 2017ला ठरलं, 2020ला मोडलं, 2022ला पुन्हा ठरलं. वरच्यांनाच दीर्घ पल्ला तीन वर्षांच्या पुढं झेपत नसेल तर तुमच्या एकट्याकडून कोण कशाला अपेक्षा धरेल?

आता कॉम्प्युटरवाल्या पोराला मागची फाइल उघडायला सांगा. साल बदला. आमच्याकडं एकदा साल बदललं पण गावाचं नाव बदलायचं राहिलं. शेजारच्या गावाची फाइल होती ती. त्यात स्मशानभूमीचं शेड होतं म्हणून आम्हालाही शेड मंजूर झालं, आमचं आधीचं उभं असताना. दोन आहेत आता. पाण्याची टाकी त्यांच्याही फाइलीत नव्हती.

वरच्या वस्तीचा विषय यादीत पहिला ठेवा. तो नेहमीच पहिला असतो, आमच्या आजोबांच्या वेळच्या प्रोसिडिंगातही होता. निधी दुसऱ्या नंबरपासून सुरू होतो. तरीही ती म्हातारी सभेत उठलीच, तर "आयत्या वेळचे विषय" म्हणा. तिला खाली बसवा आणि चहा सांगा. चहाला पाणी खालच्या आळीतून आणा.

साडेतीन वाजलेत. ते रजिस्टर जरा इकडं करा, माझी पंधरा ऑगस्टची सही राहिलीय.