पांढरे स्नीकर ठीक, पण सोलचं काय?

‘एक पांढरा लेदर स्नीकर घ्या, जीन्सपासून कुर्त्यापर्यंत सगळ्यावर चालतो’ हा स्नीकर निवडण्यावरच्या लेखातला सल्ला पटला. फक्त लिहिणाऱ्यांनी जुलैत दादर स्टेशनचा जिना उतरून पाहिलेला दिसत नाही! मी आता राखाडी वापरतो.

सोलबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही. माझा किस्सा सांगतो. चांगले महागातले स्नीकर ‘खास प्रसंगाला’ म्हणून खोक्यात जपून ठेवले होते. चार वर्षांनी मावसभावाच्या लग्नात घातले, तर हॉलमध्ये मी जाईन तिथे काळ्या भुग्याची रांगोळी. वरात निघेपर्यंत डाव्या पायाचा सोल लोंबायला लागला. शेवटी काकांच्या कोल्हापुरी चपला घालून नाचलो. नंतर कळलं, सोलमधला पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या दमटपणाने हळूहळू सडतो, बूट न वापरताही. आपल्या किनारपट्टीवर तर विचारूच नका. ईव्हीए (दुसऱ्या प्रकारचा हलका फोम) किंवा रबराच्या सोलला हा रोग सहसा होत नाही. म्हणून घेताना विचारा, आणि घेतले की वापरा.

बाकी, बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. रोजचेच मोजे घालून, उभं राहून बघायचं. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ‘वापरून सैल होतील’ म्हणणाऱ्या सेल्समनवर विश्वास ठेवून मी दोनदा करंगळी सोलून घेतलीय. ऑनलाइन मागवत असाल तर यूके ८ आणि यूएस ८ एक नव्हेत, सेंटिमीटरचा आकडा बघा.